हौस बंदुकीची, रेषा दहा मीटरची

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराई सुरू झाली की मराठवाड्यात वराती निघतात, डीजे लागतो, आणि एखाद्या गावात कुणीतरी कमरेचं पिस्तूल काढून आभाळाकडं गोळी झाडतो. पोरं शिट्ट्या मारतात. गोळी वर गेली, विषय संपला, असं वाटतं. पण गोळी खाली येते. सरळ वर गेलेली गोळी वेग गमावून पडते, तरी डोक्यावर पडली तर कवटी फोडू शकते. आणि वरातीत नाचणाऱ्याचा हात सरळ वर असतो कुठं? तिरकी सुटलेली गोळी बराचसा वेग घेऊनच उतरते. स्पर्धेत वापरतात ती पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची, एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे या वस्तीवरून त्या वस्तीवर. २०१९च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा झाला. आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शस्त्र परवान्याचं असलं तरी.

बंदुकीची हौस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नेम धरणं ही माणसाची जुनी ओढ आहे, गलोल हातात घेतलेल्या प्रत्येक लेकराला ती माहीत असते. त्या हौशीला आपल्याकडं जागा मिळाली नाही, म्हणून ती कमरेला आणि मोबाइलच्या फोटोत जाऊन बसली. आज बोलायचंय ते त्या जागेविषयी, म्हणजे एअर रायफलच्या सरावाच्या दहा मीटर रेंजविषयी.

पण आधी हक्काची गोष्ट. अमेरिकेतल्या बातम्या ऐकून आपल्याकडची मंडळीही विचारतात, शस्त्र बाळगणं हा आमचा हक्क नाही का? तिकडच्या राज्यघटनेत १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीनं तो आला. आपल्याकडची वाट निराळी आहे. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला आणि हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधलं. स्वातंत्र्य चळवळीला तो कायदा झोंबत होता. म्हणून १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसनं, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. पुढं डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तोच हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली.

आता महिना लक्षात घ्या. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झालं. म्हणजे दिल्लीत ही चर्चा चालली होती तेव्हा आपल्याकडं रझाकारांचा काळ सरून तीन महिनेही नीट झाले नव्हते. निःशस्त्र गावाची लाचारी आणि शस्त्र हाती आलेल्या टोळीचा माज, दोन्ही इथल्या माणसांनी एकाच वर्षात पाहिलं. त्या अनुभवावर उभं राहून पाहिलं तर संविधान सभेनं बरोबर केलं, असं माझं ठाम मत आहे. शस्त्र ही सरकारनं तपासून, नाव-नंबर लिहून, परत मागण्याच्या अटीवर सोपवलेली वस्तू आहे. मात्र तपासणी खरी झाली पाहिजे. बीड जिल्ह्यात २०२५च्या सुरुवातीला परवान्यांची फेरतपासणी झाली आणि बरेच रद्द झाले. हे काम परवाना देण्याआधीच व्हायला हवं होतं.

परवान्याची रीत थोडक्यात सांगतो. वय २१ पूर्ण हवं. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांकडं, आणि छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांकडं. सोबत शस्त्र सुरक्षित हाताळता येतं याचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. २०१६च्या नियमांप्रमाणं पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायचा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एकाच रकान्यावर: कारण. ‘जिवाला धोका’ असं लिहिलं, पण पोलीस ठाण्यात आजवर एक तक्रारही नाही, तर तो कागद लंगडाच राहतो. दाखल गुन्हा लपवला तर मिळालेला परवानाही जातो. जिल्हाधिकाऱ्यांचा नकार आला तर लेखी कारण मागा आणि ३० दिवसांच्या आत विभागीय आयुक्तांकडं अपील करा. परवान्याची मुदत पाच वर्षं, आणि एका माणसाकडं जास्तीत जास्त दोन शस्त्रं.

घरोघरचा एक घोटाळा मात्र नीट सांगायला हवा. आजोबांची बारा बोअर भिंतीवर टांगलेली असते, आजोबा वारतात, आणि बंदूक ट्रंकेत जाते. परवाना आजोबांच्या नावाचा होता. त्यांच्यामागं ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा आहे, वापरली नाही तरी. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची, पावतीवर बंदुकीचा नंबर आहे ना ते पाहायचं, आणि मग वारसानं आपल्या नावावर अर्ज करायचा. परवानाधारकानं वयाची सत्तरी गाठली किंवा परवान्याला २५ वर्षं झाली, तर हयातीतच वारसाकडं परवाना जाण्याची सोय नियमांत आहे. ती वेळेवर वापरली तर पुढचं सगळं टळतं. निवडणुकीत किंवा अशा कारणानं शस्त्र जमा करताना नळी पुसून, आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवून द्या. पावसाळ्यात कोठडीतल्या दमट हवेत दोन महिने पडलेल्या नळीला आतून गंजाचे खड्डे पडतात, ते पुन्हा जात नाहीत.

पिकाच्या राखणीचंही असंच. रोही आणि रानडुक्कर वावरात घुसून एका रात्रीत तूर-हरभऱ्याचं वाटोळं करतात, हे दुःख खरं आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते, आणि काळविटाच्या वाटेला तर जायचंच नाही.

आता हौशीच्या जागेकडं येतो.

चार पूर्णांक पाच मिलिमीटर व्यासाची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. ऑलिंपिकमधली दहा मीटर एअर रायफल याच व्यासाची असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटरच्या वाटेची पहिली पायरीही बहुतेकांसाठी हीच दहा मीटरची असते. आणि दहा मीटरला मोठं मैदान लागत नाही. बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम चालतं, मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल चालतो, शाळेतल्या दोन खोल्यांमधली भिंत निघत असेल तर तेही चालतं.

जागेची लांबी एकंदर १५ मीटर धरा. उभं राहण्याच्या रेषेपासून नेम धरायच्या कागदापर्यंत बरोबर दहा मीटर, कागदामागं एक मीटर, आणि नेमबाजाच्या पाठीमागं प्रशिक्षक व बाकी मुलं यांच्यासाठी चार. प्रत्येक नेमबाजाला किमान एक मीटर रुंदी. कागदाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच. अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. ये-जा करायचं दार नेमबाजांच्या पाठीमागं एकच असावं. रेषेच्या पुढं कुठंही दार किंवा खिडकी असेल तर ती आतून कायमची बंद करा, नुसती कडी लावून भागत नाही. कुणाचं तरी लेकरू कधीतरी ती उघडणारच.

कागदामागं काय, यावर नव्या रेंज फसतात. उघडी विटांची भिंत असेल तर छर्रा कपची उडवतो आणि स्वतःही परततो. लाकडी फळीवरून तर तो चेंडूसारखा माघारी येतो. तीन-चार मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा घ्या आणि त्याचा वरचा काठ नेमबाजाकडं झुकवून बसवा, म्हणजे छर्रा खालच्या पेटीत पडतो. पत्र्यापुढं जुनं जाड रबर किंवा गोणपाटाचा पडदा सोडा. तरीही रेषेवरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा.

उजेडाचा हिशेब मुलांना चटकन कळत नाही. कागदावर किमान १५०० लक्स लागतात, म्हणजे वर्गात असतो त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक कागदावर वेगळा एलईडी दिवा लावा, आणि तो नेमबाजाच्या डोळ्यात येणार नाही अशी आडोशाची पट्टी द्या. पत्र्याच्या छताला भोकं असतील तर ती बुजवा. दुपारी सरकणारा कवडसा कागदावर आला की बाहुली आकसते आणि नेम हलतो. लोडशेडिंगची वेळ पाहून सरावाची वेळ ठरवा.

रायफलींचे दोन प्रकार. नळी मोडून भरायची स्प्रिंगची देशी रायफल सुरुवातीला पुरते. तिच्यात छर्रा न घालता ट्रिगर कधी दाबू नका. पुढं हवेची गादी नसते, दट्ट्या थेट आदळतो आणि सील फाटतं. दुसरी दाबलेल्या हवेची. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, स्टायर या कंपन्यांच्या अशा रायफली लाखांच्या घरात जातात, म्हणून क्लबनं एखादीच घेऊन वाटून वापरावी. तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा असते आणि त्यावर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटली की तो स्पर्धेत चालत नाही आणि वापरणंही धोक्याचं. हवा हळूहळू भरा, घाईनं भरलं की सिलिंडर तापतो, आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रायफल ठेवू नका. आणि हे फार गांभीर्यानं सांगतो: वेल्डिंगवाल्याच्या टाकीतला ऑक्सिजन रायफलीत कधीही भरू नका. आत ग्रीसचा अंश असतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की पेट घेतात, स्फोट होतो.

आता उभं राहणं. स्पर्धेत रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि ६० नेम ७५ मिनिटांत मारायचे असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढं वजन एकदम देऊ नका, आधी स्टँडवर टेकवून शिकवा. वजन दंडानं उचलायचं नसतं. उजव्या हाताचा नेमबाज असेल तर डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि भार हाडांवरून पायात उतरतो. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. रायफल कागदाच्या डावीउजवीकडं गेली असेल तर हातानं ओढून आणू नका, पाय सरकवा. हातानं आणलेला नेम ट्रिगर दाबताना परत जातो.

कागदावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. रायफलीवर नेम धरायला पुढं-मागं दोन साइट असतात, त्यांच्यात ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर साइटमधली एक मिलिमीटरची चूक कागदावर साडेबारा मिलिमीटर होते. म्हणून नजर पुढच्या साइटच्या कड्यावर ठेवायची, काळं वर्तुळ जरा अंधुक दिसलं तरी चालतं. श्वास अर्धा सोडून थांबवा आणि सहा ते आठ सेकंदांत ट्रिगर सुटला पाहिजे. त्याहून उशीर झाला तर डोळा जुनंच चित्र धरून बसतो. रायफल खाली घ्या, पुन्हा सुरू करा. रायफल खाली घेणं लाजिरवाणं नाही, हे मुलांना वारंवार सांगावं लागतं. छर्ऱ्याला दहा मीटर कापायला सेकंदाचा साधारण सोळावा हिस्सा लागतो, आणि सुरुवातीचा थोडा वेळ तो नळीतच असतो. म्हणून नेम सुटल्यावरही दोन सेकंद तसंच धरून राहायचं.

साइट फिरवायची घाई हा सगळ्यांचा दोष. पाच नेम मारा, भोकं एकाच जागी जमली का ते पाहा. जमली आणि मध्यापासून दूर असली तर साइट फिरवा. विखुरलेली असली तर दोष साइटचा नाही, उभं राहण्यात किंवा बोटात आहे. पहिला महिनाभर तर कागद न लावता, कोऱ्या भिंतीकडं तोंड करून नुसता ट्रिगर शिकवावा. हे फक्त ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायची, सोय असलेल्या रायफलीनं.

शिस्त चार शब्दांची: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्टॉप कुणीही ओरडू शकतो, सगळ्यात लहान मुलगाही, आणि तो ऐकल्यावर कुणी वाद घालायचा नाही. अनलोडनंतर नळीतून पूर्ण लांबीची नारिंगी दोरी घालायची, तिची दोन्ही टोकं बाहेर दिसली पाहिजेत. सगळ्या रायफलींत दोरी दिसली की मगच कागद बदलायला पुढं जायचं. आणि एअर रायफल रेंजवरून बाहेर जाता कामा नये. नायगावच्या अभयारण्यातला मोर असो की शेताच्या बांधावरचा होला, छर्रा मारणं गुन्हाच आहे. छर्ऱ्यानं माणसाचा डोळाही कायमचा जातो.

शेवटचं काम संध्याकाळचं. छर्रे शिशाचे असतात. पेटीत जमलेलं शिसं हातमोजे घालून डब्यात भरा, भंगारात वजनावर जातं. पण खाली पडलेली करडी भुकटी झाडूनं झाडू नका, ती हवेत उडून लेकरांच्या छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं वेगळं ठेवा. मग सगळ्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि त्यानंतरच डबे उघडायचे.

नमस्कार.