जकात गेली, खर्च राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

छाणी जकातनाका म्हटलं की वडोदऱ्यातला रिक्षावाला आजही बरोबर ठिकाणी नेऊन सोडतो. नाका मात्र केव्हाच उठला. गुजरातच्या महानगरपालिकांमधली जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाली, त्यामुळे आज कॉलेजात जाणाऱ्या मुलांना तिथे काय चालायचं ते सांगावं लागतं. ट्रक थांबायचा. क्लीनर बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीची पावती, आणि बिल घेऊन खिडकीशी जायचा. कारकून बिलावरची किंमत बघायचा, नाही पटली तर ताडपत्री सोडायला लावायचा, आणि मग दर लावून पावती फाडायचा. मागे ट्रकांची रांग, इंजिनं चालू, ड्रायव्हर वैतागलेले. पावतीशिवाय जे पैसे हातोहात फिरायचे त्याबद्दल मी रेडिओवर वेगळं सांगायला नको. ही पीडा गेली ते बरंच झालं, असं माझंही मत आहे.

पण महापालिकेच्या तिजोरीच्या बाजूनं पाहिलं तर जकातीत दोन मोठे गुण होते. पैसा रोज आणि रोख यायचा. आणि बराचसा कर मालाच्या किमतीवर असल्यामुळे महागाई वाढली, शहर वाढलं, की जकातही आपोआप वाढायची. त्यासाठी कोणा नगरसेवकाला सभेत हात वर करून मतदारांचा राग ओढवून घ्यावा लागत नसे.

जकातीच्या बदल्यात राज्य सरकार अनुदान देतं. म्हणजे पैसे येतात, पण स्वतःच्या दुकानाचा गल्ला वेगळा आणि मोठ्या भावानं धाडलेली मनीऑर्डर वेगळी. पुण्या-मुंबईकडच्या आपल्या नातेवाइकांनीही हे पाहिलंय. तिकडे बहुतेक शहरांत जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, २०१५ मध्ये तीही बव्हंशी गेली, आणि मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटीत विरली. मात्र महाराष्ट्रानं तेव्हा भरपाईचा कायदाच केला: २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दर वर्षी ८ टक्के चक्रवाढ. रक्कम पुरते की नाही यावर वाद घाला, पण असा नियम लिहून ठेवलेला असला की लेखापालाला पुढच्या वर्षाचा आकडा आजच मांडता येतो.

आता हा खड्डा भरायचा कसा? आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. महापालिकेला तुटीचं अंदाजपत्रक मांडायची मुभा नाही. जमा-खर्च जुळवूनच आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, त्यामुळे कागदावर शहर कधीच बुडत नाही. खर्च आवरला नाही तर जमेची बाजू फुगवायची सोय असते. थकबाकी इतकी वसूल होईल, अमुक प्लॉट इतक्याला जाईल, झालं. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात बाबींपुढे गेल्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असे आकडे असतात. पेपरात मथळा होतो तो येत्या वर्षाच्या आकड्याचा. तुम्ही प्रत्यक्ष जमेचा बघा. प्रत्यक्षात शंभर रुपये आले आणि पुढल्या वर्षी एकशेचाळीस धरले असतील, तर वरचे चाळीस कुठून येणार, हे आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला विचारायला काहीच हरकत नाही. कारण ते आले नाहीत की ठेकेदारांची बिलं अडकतात. बिलं अडकली की पुढच्या टेंडरात ठेकेदार उशिराचं व्याज धरूनच भाव भरतो, आणि तोच रस्ता आपल्याला महाग पडतो.

खरी वाढ व्हायची ती घरवेऱ्यात, म्हणजे मालमत्ता करात. पूर्वी वेरा भाड्यावर ठरायचा आणि जुनी भाडी तर कायद्यानं गोठलेली. त्यामुळे दांडिया बाजारातल्या ऐसपैस वाड्याला नव्या दोन खोल्यांच्या फ्लॅटपेक्षा कमी वेरा, असले प्रकार व्हायचे. आता कार्पेट एरियावर हिशेब होतो. वस्ती कोणती, इमारत किती जुनी, वापर कसला, मालक राहतो की भाडेकरू, हे बघतात. पद्धत न्याय्य आहे. पण दर जिथल्या तिथे राहतो, म्हणून जकातीसारखी आपसूक वाढ इथे नाही. तरी दर वाढवायच्या आधी नोंदी तपासा, असं मी म्हणेन. कागदावर राहतं घर आणि खाली ट्यूशन क्लास, वर एक मजला चढलेला पण नोंदीत गच्चीच, अशी उदाहरणं तुमच्याही सोसायटीच्या आसपास सापडतील. जो मुकाट्यानं वेळेवर भरतो त्याच्यावरच आणखी बोजा टाकणं सोपं असतं, म्हणून तेच केलं जातं.

भायली, सेवासी, बिल ही गावं २०२० मध्ये हद्दीत आली. तिथून वेरा येईलच, पण ड्रेनेज आणि पाण्याचा खर्च त्याच्या आधी येऊन उभा राहतो.

व्यवसाय करही स्थानिक संस्थांकडे आला, त्याचा हातभार आहे. पण त्याची कमाल मर्यादा वर्षाला माणशी २,५०० रुपये ही राज्यघटनेतच आहे, आणि ती १९८८ पासून हललेली नाही. आज एवढे पैसे एका कुटुंबाच्या रविवारच्या बाहेरच्या जेवणात जातात.

पाण्याचं मात्र नीट बघायला हवं. सयाजीरावांच्या काळात १८९२ मध्ये आजवा सरोवर तयार झालं, तेव्हा पाणी उतारानं आपलं आपण शहरात यायचं, त्याला पंप लागत नव्हता. आता मोठा भाग महीकाठच्या फाजलपूर, रायका, दोडका, पोइचाच्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे नदीच्या वाळूखालचं पाणी आडव्या पाइपांनी गोळा करणाऱ्या विहिरींतून, उपसून आणावा लागतो, आणि विजेचं बिल थांबत नाही. घरगुती नळाला सरसकट मीटर लावा म्हटलं की सभागृहात गदारोळ होणार. मग सुरुवात हॉटेलं, मोठी इस्पितळं, कॉम्प्लेक्स आणि बंगल्यांच्या स्कीम्सपासून करा. दोन खोल्यांच्या घराला रोजच्या गरजेपुरतं पाणी स्वस्तच राहू दे.

प्लॉट विकून आलेला पैसा एकदाच येतो, त्यातून पगार करायचे नाहीत. त्यातून टाकी बांधा, पाइप टाका. कर्जालाही हेच लागू. वडोदरा महापालिकेनं २०२२ मध्ये १०० कोटींचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, ७.१५ टक्के व्याजानं काढले, ते पाणी आणि ड्रेनेजच्या कामांसाठी. शिवाय बाँड काढणाऱ्या शहरांना केंद्राचं १०० कोटींमागे १३ कोटींचं प्रोत्साहन होतं. अशा कर्जाला माझा विरोध नाही. पण हप्ता फेडायला दर महिन्याची जमा लागते, म्हणजे पुन्हा वेरा आणि पाणीपट्टीच.

राहता राहिली काटकसर. पगार आणि पेन्शनला हात लावता येत नाही, म्हणून कात्री चालते ती देखभालीवर. भूखी कांस किंवा रूपारेल कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे शहरातले नाले, साफ केली नाही तर उन्हाळ्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्याला काही एकटी कांस जबाबदार नव्हती. अतोनात पाऊस होता, नदीकाठची बांधकामं होती. पण तुंबलेल्या वाटेनं पाणी उतरायला वेळ लागतो, आणि मग मदत, कॅशडोल म्हणजे पूरग्रस्तांना हाती दिलेली रोख रक्कम, रस्तेदुरुस्ती मिळून वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च होतो. कपात करायचीच तर सर्कलवरच्या कारंज्यांत आणि चांगले असताना उखडल्या जाणाऱ्या पेव्हर ब्लॉकमध्ये करा. कांससफाईचा पैसा एप्रिलमध्येच सुटा व्हायला हवा, आणि काम झाल्याचे फोटो वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागायला हवेत.

नमस्कार.