कूलरची टाकी आणि दादाची एमजी

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या स्पोर्ट्स कारचं गंजापासून संरक्षण : सात उपाय’. समोर साठ-सत्तर माणसं दिसताहेत. त्यांत जुनी स्पोर्ट्स कार असलेली माणसं, माझ्या अंदाजाने, मला धरून दोन. बाकीचे तुम्ही सभागृहातल्या कूलरसाठी आलात. बरंच झालं, कारण मलाही आधी कूलरबद्दलच बोलायचंय.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना लोखंड, पाणी, प्राणवायू हे समीकरण मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, मोजदाद नाही. पण गंज म्हणजे काय ते मला कूलरच्या टाकीने शिकवलं. मार्चमध्ये कूलर सज्ज्यावरून खाली येतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. जुन्या ताट्या काढा, टाकी वायर ब्रशने घासा, रेड ऑक्साइड मारा आणि वरून डांबर. महालातल्या आमच्या वाड्यात बाबा डांबर स्टोव्हवर पातळ करायचे. तो वास होळीच्या धुरापेक्षा जास्त दिवस टिकायचा. एवढं करून मे महिन्यात रात्री दोनला टप टप सुरू व्हायचं ते व्हायचंच. आई उठून बादली लावायची आणि बाबा झोपेचं सोंग घ्यायचे.

आता नीट आठवा, टाकी गळते कुठे? मधल्या उघड्या पत्र्याला भोक पडलेलं मी तरी पाहिलं नाही. गळते ती कोपऱ्यात, जोडाच्या पट्टीखाली, जिथे डांबर सगळ्यात जाड असतं तिथे. बाबांचा निष्कर्ष ठरलेला होता : डांबर कमी पडलं. म्हणून पुढच्या वर्षी आणखी जाड थर. टाकीचं वजन वाढत गेलं आणि पत्रा उरला नाही.

याचं उत्तर मला पुढे प्रयोगशाळेत मिळालं. इव्हान्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचा फार साधा प्रयोग आहे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन रसायनं मिसळायची. एक गुलाबी रंग देतं, दुसरं लोखंड विरघळलं की निळं होतं. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. कडेला हवा भरपूर मिळते, मध्यभागी कमी. आणि लोखंड खाल्लं जातं ते मध्यभागी! मुलं दरवर्षी भांडायची, ‘मॅडम, गंजाला प्राणवायू लागतो नं, मग जिथे प्राणवायू जास्त तिथे का नाही?’ लागतोच. पण एकाच ओल्या पत्र्यावर एका जागी हवा खेळते आणि शेजारी कोंडते, तेव्हा दोन्ही मिळून छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात बळी जातो तो कोंडलेल्या जागेचा. आज मला सांगायचंय ते हेच. पत्रा उघड्यावर गंजला तर डोळ्यांना दिसतो. झाकलेल्या ओलीत तो सडतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे आपले डेंटर भाऊ ‘जंग लागली’ आणि ‘पत्रा सडला’ असे दोन वेगळे शब्द वापरतात. त्यांना इव्हान्स माहीत नाही, पण फरक माहीत आहे.

तशी लोखंडाशी आपली ओळख जुनी आहे. इथून जवळच, पेंचच्या काठी नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, शिलावर्तुळांच्या काळातली. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ आपल्याला लोखंड करता येतं. सांभाळायचं तेवढं राहून गेलं.

आता गाडी. दादाने १९७४ साली इंग्लंडहून परतताना एमजी कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार आणली. १९६७ची, लाल, दोन सीटची, वर कापडी छप्पर. हे मॉडेल १९६२ ते १९८० असं अठरा वर्षं निघालं, इंजिन १७९८ सीसी. रामदासपेठेतून दादा ती घेऊन निघाला की पोरं सायकली टाकून मागे धावायची. वहिनी एकदाच बसली. केसांचं जे झालं त्यानंतर तिने रिक्षाच पसंत केली.

२०११ साली गाडी माझ्याकडे आली. मी ती एका गॅरेजला दाखवली. नाव सांगत नाही, ते दुकान अजून जोरात चालतं. मालक गाडीखाली वाकून बघून म्हणाला, ‘मॅडम, कायले टेन्शन घेता? खालून पूरा माल मारून देतो. दहा वर्षं पाहाची गरज नाही.’ माल म्हणजे अंडरबॉडी कोटिंग, काळं, जाड, रबरासारखं. साडेअकरा हजार रुपये. खाली इतकं चकचकीत दिसत होतं की मी शेजारणीला वाकायला लावून दाखवलं. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली बाई बाबांचंच डांबर पैसे मोजून मारून आली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

चार वर्षांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट लागेना. थोडं उचलून लावलं की लागायचं. मला वाटलं बिजागरी झिजली. मोठ्या ताजबागेकडचे एक वयस्क डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून दाराखालच्या आडव्या पेटीवर ठोकत गेले. ठण, ठण, ठण, थप. थप आला तिथे त्यांनी टोक टेकवलं आणि ते कणकेत जावं तसं आत गेलं. ‘मॅडम, ये तो अंदर से गयी.’

त्या पेटीला सिल म्हणतात. या गाडीला वेगळी चासी नाही आणि डोक्यावर छप्परही नाही. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बरंचसं काम या दोन सिलचं. माळवद पेलणारी तुळई वाळवीने खाल्ली तर काय होईल? तसंच इथे. गाडी मधोमध वाकत होती, म्हणून दार लागत नव्हतं.

चाचांनी कोटिंगला पाना लावून ओढलं, तर मटक्यावरून लांब रोटी उतरावी तसा अख्खा पट्टा हातात आला. आतला पत्रा ओला होता. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, बाहेर वाळत घातलेली कुरडई दोन तासांत कडक होते आणि माझी गाडी आतून ओली! सिलमधून दोन तसराळी माती निघाली. त्यातली निम्मी दादाने इंग्लंडहून आणलेली असणार. कस्टमवाल्यांनी तिच्यावर ड्यूटी लावली नव्हती. पाणी निघायची भोकं होती, पण त्या काळ्या मालाने बुजवलेली.

गॅरेजमालकाकडे गेले तर म्हणाला, ‘मॅडम, आजकाल हवामान बदलून गेलं नं.’

चाचांकडून एक धडा शिकले. सिल कापायच्या आधी त्यांनी दाराच्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता वेल्ड केला. तसं न करता सिल कापली तर गाडी दुमडते, नवी सिल त्याच वाकड्या आकारात बसते आणि दार जन्मात लागत नाही. कोणाकडे काम द्यायचं असेल तर एवढं एकच विचारा, ‘कापायच्या आधी काय करता?’ उत्तरात पाइप आला नाही तर चहा पिऊन परत या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. आणि सात उपायांपैकी एकही झालेला नाही. ठीक आहे, पळते.

पहिलं म्हणजे भोकं. दारांच्या तळाशी, सिलच्या खाली, पुढच्या चाकाच्या मागे मडगार्डच्या आत. वर्षातून दोनदा मोकळी करा. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. लोकांनी दुसऱ्या दिवशी वरून शॅम्पू केला. गाळ पेट्यांमध्येच राहिला. आतून पाइप लावून धुवा, चार दिवस उन्हात दारं उघडी टाका.

दुसरं, पोकळ पेट्यांत आतून मेण फवारायचं. त्यासाठी कॅव्हिटी वॅक्स मिळतं. हे काम नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत करा. थंड देशात लोक गाडी गरम करून मग मेण मारतात, म्हणजे ते फटीफटीत झिरपतं. आपल्याला ती भट्टी फुकट आहे. पत्रा कोरडा, मेण पातळ, आणि पाऊस जूनच्या मध्यात.

तिसरं, उघडा पत्रा असेल तर आधी सुटा गंज ब्रशने काढा, मग उरलेला गंज निष्क्रिय करणारं फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर. पुट्टी शेवटी, तीही नखाएवढी. जुनी गाडी घेताना खिशात फ्रिजवरचं चुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा डोंगर आहे.

चौथं, जळकं ऑइल फवारू नका. त्यात आम्ल असतं आणि रबराचे बुश फुगतात. पाचवं, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी बदला. या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यांचे ट्रे आम्लाने जातात. खाली बघत चला.

सहावं, कव्हर. प्लास्टिकचं नको, श्वास घेणारं कापड हवं. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग घेतो. मे महिन्यात आपण त्याच्या कितीतरी खाली असतो, ऑगस्टमध्ये वर. आणि कृपा करून गाडी कूलरच्या झोतात उभी करू नका. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ करायचे. म्हणे, गाडीला गरमी होते.

सातवं, गाडी चालवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं. रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद केली तर ते पाणी सायलेन्सरमध्येच बसतं. वीस-पंचवीस किलोमीटर जा, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या.

उठते आहे, अध्यक्षमहाराज. एकच. दाराशी टेबलावर सायकलच्या जुन्या तारा ठेवल्यात, टोक वाकवून आणल्यात. भोकं मोकळी करायला यांच्याइतकं चांगलं हत्यार नाही. मारुतीच्या दारांनाही चालतात. कूलरच्या टाकीला मात्र लावू नका, आरपार जाईल.