आधी गड्डा भिजवा

दुपारचे दोन. हे झाड बघा, पानं लोंबतायत, कडा करपून तपकिरी झाल्यात. लावून तीन आठवडे झालेत, बुंधा जेमतेम अंगठ्याएवढा. आणि पाणी रोज मिळतंय बरं का, खालची माती ओलीच दिसतेय. मग झालं काय?

आता खुरप्याने हळूच बाजूला उकरतोय, हा शॉट नीट बघा. बाहेरची माती काळी, ओली, बोटांना चिकटतेय. आणि चार बोटं आत, बुंध्याजवळ, पिशवीतून आलेला मातीचा गड्डा... फिकट, चिमटीत धरला तर भुगा. झाडाची मुळं अजून या गड्ड्यातच आहेत, बाहेरच्या मातीत नीट पसरायला त्यांना महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. तोवर वरची सगळी पानं या बादलीभर मातीतूनच पाणी ओढणार, आणि ऊन जेवढं कडक तेवढं जास्त ओढणार. त्यात नर्सरीचं हे मिश्रण हलकं असतं, लवकर सुकतं, आणि एकदा खडखडीत सुकलं की पाणी पटकन आत घेतच नाही, बाजूने ओघळून जातं. म्हणजे आपण तीन आठवडे शेजारच्या मातीलाच पाणी पाजत होतो!



आता आळं. मोठं ऐसपैस आळं दिसायला छान, पण पाणी सगळं कडेला पसरतं. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात गड्ड्याच्या कडेवरच हा छोटा बांध घातला, चार बोटं उंच, हाताने थापलेला. पाईपची धार पेन्सिलीएवढी ठेवलीय. बघा, आधी पाणी वर तरंगतंय, मग बुडबुडे यायला लागले, म्हणजे आतली हवा बाहेर पडतेय आणि पाणी खाली चाललंय. एवढ्या बुंध्याला एका वेळी पाच-सहा लिटर पुरतं, पण ते सावकाश द्यायचं. पहिले एक-दोन आठवडे रोज, नंतर दोन-तीन दिवसांनी, पण तारखेपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. बोट गड्ड्यातच खुपसायचं, बाहेर नाही. गार आणि ओलसर लागलं पण चिखल नाही, म्हणजे वाफसा आहे, आज पाणी नको. सतत चिखल राहिला तर मुळांना हवा मिळत नाही आणि पानं तशीच माना टाकतात, माणूस घाबरून आणखी पाणी ओततो.

वरून वाळका पाला, तीन-चार इंच. पण हे हात काय करतायत बघा, बुंध्याजवळचा पाला मागे ओढतायत, चार बोटं मोकळी जागा, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. खत आत्ता नाही. छाटणीही नाही, फक्त वाळलेली नाहीतर मोडलेली फांदी असेल तर तेवढीच.

हे शेजारचं झाड. याचा गड्डा कुणी उकरून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहा. आपल्या पहिल्या झाडाची पानं वर आलीत. करपलेल्या कडा काही परत हिरव्या होत नाहीत, त्या तशाच राहणार. दुपारी पुन्हा थोडी लोंबतील, तेवढं चालतं, सकाळी लोंबलेली दिसली तर मात्र लगेच बोट घाला.

पाईप परत सुरू केलाय, बुडबुडे येतायत. आवाज तेवढा ऐका.