कडुनिंबाखाली उतरवलेला गिअरबॉक्स

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. कापूस फुटलाय, आणि वेचणीच्या बायांना वावरात पोचवणारी ही ओम्नी तीन दिवसांपासून कडुनिंबाखाली उभी आहे. इंजिन चालतं, गिअर पडतो, गाडी हलत नाही. काळ्या मातीच्या पांदणीत पावसाळाभर ती अर्ध्या क्लचवर ओढली गेली. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी क्लचची प्लेट त्यात झिजून गेली.

ओम्नीचं उत्पादन 2019 साली थांबलं. इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि जोर मागच्या चाकांना. म्हणून इंजिन न उतरवता, खालूनच क्लचपर्यंत पोचता येतं.

मामांनी बॅटरीची तार काढली. जॅकवर उचललेली गाडी बाभळीच्या जाड ओंडक्यांवर टेकवली. भाच्याने आणलेली वीट त्यांनी परत पाठवली. वीट वजनाखाली अचानक फुटते.

ऑइल गाळून झालं. मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, शेवटचा नट गंजलेला.

‘मामा, हा निघूनच नाही राह्यला.’

‘जोर नोको लावू. डिझल टाक अन् दम धर.’

क्लचची केबल सुटते, स्टार्टर सुटतो. इंजिनाखाली फळी आणि दुसरा जॅक. मग दोघं गिअरबॉक्स सरळ मागे ओढतात. तिरका लोंबकळला तर त्याचा शाफ्ट क्लचची प्लेट वाकवतो.

ही जुनी प्लेट. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलंय, ती ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, गोल चरे उमटलेत. ते मामा पॉलिश पेपरने घासतात. धूळ ओल्या फडक्यानेच पुसायची, फुंकायची नाही. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

नवी प्लेट बरोबर मध्यावर बसायला हवी. मामांनी त्यासाठी फावड्याच्या दांड्याचा तुकडा तासला, वर चिकटपट्टी गुंडाळली. प्लेटचा स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे, ग्रीसचं बोट कुठेही नाही. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. हे हातचं ज्ञान प्रत्येक गावातल्या दोन पोरांकडे तरी असावं, असं आम्हांला मनापासून वाटतं. भाचा आता एकेक बोल्ट स्वतः आवळतोय.

पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही नवंच. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं कोण उतरवणार?

गिअरबॉक्स दोनदा अडला. बोल्टने खेचून बसवायचा मोह मामा टाळतात. शाफ्ट किंचित फिरवला, दाते जुळले, आणि तो आत सरकला.

शेवटी केबल. पेडल सुरुवातीला थोडं मोकळं दबलं पाहिजे, नाहीतर नवी प्लेटही घसरत राहील.

सकाळी सात. बाया बसल्या, गाडी पांदणीला लागली.