वहीतला पुरावा

(दृश्य: मोकळं मैदान. पलीकडे घरांची रांग.)

११ फेब्रुवारी १९८७. अमेरिकेतल्या कॉलोराडो राज्यातलं फोर्ट कॉलिन्स शहर. या मैदानात त्या सकाळी पेगी हेट्रिक यांचा मृतदेह सापडला. वय ३७, कपड्यांच्या दुकानात नोकरी. पाठीत सुरीचा वार, आणि शरीराचे काही भाग इतक्या सफाईनं कापलेले, की पोलीसही चक्रावले.

मैदानाजवळच्या एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, बापलेक राहायचे. आई चार वर्षांपूर्वी वारलेली. मुलगा टिम मास्टर्स, वय १५. शाळेची बस गाठायला तो इथूनच जायचा. त्या सकाळी तो नेहमीची वाट सोडून जरा बाजूला गेला, थबकला आणि पुढे निघून गेला. पोलिसांना हे सांगितलं कोणी? त्याच्याच वडिलांनी.

टिमनं नाकारलं नाही. मृतदेह दिसला होता म्हणाला, पण तो पुतळा वाटला, कुणीतरी केलेली मस्करी वाटली. प्रेत पाहून पोरगा गुपचूप वर्गात जाऊन बसतो म्हटल्यावर संशय येणारच. त्याची चौकशी झाली यात काहीच वावगं नव्हतं.

घराची झडती झाली. सुऱ्या सापडल्या, कारण त्याला त्या जमवायचा नाद होता. पण कुठल्याच सुरीवर रक्त नाही. कपड्यांवर नाही, खोलीत नाही. सापडल्या त्या वह्या. चित्रं आणि गोष्टी मिळून दोन हजारांवर पानं, आणि त्यात मारामाऱ्या, रक्त, भोसकलेली माणसं.

(दृश्य: वहीची पानं उलटत जातात.)

तासन्‌तास प्रश्न विचारूनही मुलगा एकच सांगत राहिला: मी केलं नाही. खुनाला वर्ष झालं तेव्हा पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. तो मैदानाकडे वळेल, काहीतरी करेल, अशी अपेक्षा होती. त्यानं काहीच केलं नाही. शाळा संपवून तो नौदलात गेला.

१९९२ मध्ये डिटेक्टिव्ह लिंडा व्हीलर-हॉलोवे आणि जिम ब्रॉडरिक त्याला फिलाडेल्फियात गाठतात. हातात एक मुद्दा होता. मृतदेहावरची एक जखम बाहेर कुणाला माहीत नव्हती, ती टिमला कशी ठाऊक? टिम म्हणाला, चित्रकलेच्या वर्गात एका मुलीनं सांगितलं. ऐकायला थाप वाटते. पण तपासलं तर खरं निघालं. मैदान धुंडाळायला पोलिसांनी स्काउटची शाळकरी मुलं बोलावली होती, आणि ती मुलगी त्यांच्यातलीच. म्हणजे गुपित पोलिसांनीच शाळेत पोचवलं होतं! व्हीलर-हॉलोवे यांचा टिमवरचा संशय तिथं डळमळला. ब्रॉडरिक यांचा नाही.

ब्रॉडरिक यांनी ती पानं रीड मेलॉय या मानसशास्त्रज्ञांना दाखवली. टिमला ते कधी भेटले नाहीत. चित्रं वाचून त्यांनी निष्कर्ष काढला, की आई गेल्याचा राग मुलानं एका अनोळखी बाईवर काढला. १९९८ मध्ये टिमला अटक झाली. १९९९ मध्ये कोर्टात ज्युरींसमोर चित्रांमागून चित्रं आली. एकात एक माणूस दुसऱ्याला ओढत नेतोय. सरकारी वकिलांच्या मते हाच तो खून. जन्मठेप झाली. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही ती कायम ठेवली.

पंधराव्या वर्षी वहीत काय काय काढतात मुलं! शिक्षकांना विचारा. रक्ताचा एक थेंब नाही, केस नाही, धागा नाही, आणि माणूस तुरुंगात जातो चित्रांवरून. हे मला तरी पुराव्यापेक्षा पत्रिका पाहण्याच्या जास्त जवळचं वाटतं.

नव्या वकिलांनी फाइली उपसल्या, तेव्हा दडलेलं बाहेर आलं. इतकी सफाईदार कापाकापी कितपत शक्य आहे, याबद्दल सरकारी पक्षानं एका प्लास्टिक सर्जनचं मत घेतलं होतं. ते बचाव पक्षाला कळवलंच नाही. मैदानाजवळ एक नेत्रशल्यविशारद राहत होते. १९९५ मध्ये घरात चोरून बायकांचं चित्रीकरण केल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि काही दिवसांत त्यांनी आत्महत्या केली. त्या टेप पोलिसांनी नष्ट करून टाकल्या. खुनाशी या डॉक्टरांचा संबंध होता असं कुणीच सिद्ध केलेलं नाही. पण तपासून पाहायची संधीच उरली नाही.

शेवटी हेट्रिक यांच्या कपड्यांची डीएनए तपासणी नेदरलँड्समधल्या तज्ज्ञांनी केली. टिमचा डीएनए मिळाला नाही, दुसऱ्याच पुरुषाचा मिळाला. २२ जानेवारी २००८ ला तो सुटला, साडेनऊ वर्षांनी.

(दृश्य: न्यायालयाची इमारत.)

शहर आणि काउंटी (तिथला जिल्हा) यांनी मिळून त्याला १ कोटी डॉलर भरपाई दिली. खटला चालवणारे दोन्ही सरकारी वकील तोवर न्यायाधीश झाले होते. तिथं न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की नाही हे मतदार ठरवतात. २०१० मध्ये त्यांनी दोघांनाही घरी बसवलं. ब्रॉडरिक यांच्यावर खोट्या साक्षीचे आरोप झाले, पण ते टिकले नाहीत. २०११ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी टिमला अधिकृतपणे निर्दोष जाहीर केलं. हेट्रिक यांच्या खुनाचा उलगडा अजून झालेला नाही.