न्यू इंडियाची पॉलिसी आणि मालावर बसलेला माणूस

(एका जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनीचा इतिहास’. इतिहास सांगतोच. पण त्या शंभर वर्षांतून मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय: गाडीचा विमा काढला म्हणजे नेमका कोणाचा काढला? हा प्रश्न आपल्या खानदेशात रोज रस्त्यावरून जातो. सावदा-रावेरहून केळीच्या गाड्या निघतात, शहाद्याकडून पपईच्या. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. आणि भरलेल्या मालावर, दोर धरून, माणसं बसलेली असतात.

इथे ट्रकमालक किती आहेत? बरेच हात दिसतायत, आनंद आहे. आता ज्यांनी आपली पॉलिसी पहिल्या पानापलीकडे वाचलीय, तेवढ्यांनीच हात वर ठेवा. (हशा) मागे एक हात आहे. त्या दादांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावं.

कंपनी स्थापन झाली २३ जुलै १९१९ रोजी, मुंबईत. संस्थापक सर दोराबजी टाटा. विम्याचा धंदा तेव्हा बराचसा विलायती कंपन्यांच्या हातात होता. तिथे एका हिंदी माणसाने कंपनी काढावी आणि दुसऱ्याच वर्षी लंडनला कामकाज सुरू करावं, याचा मला आजही अभिमान वाटतो. फोर्टातली कंपनीची इमारत १९३० च्या दशकातली. वास्तुरचना मास्टर, साठे आणि भुता यांची, शिल्पं न. ग. पानसरे यांची. मुंबईला गेलात तर पाच मिनिटं काढून बघा. दर्शनी भिंतीवर कष्टाची माणसं कोरलेली आहेत. मी पाहिली तेव्हा डोक्यात चोपडा तालुक्यातला एक खटला होता, तो आधी सांगतो.

मी मोटार अपघाताच्या दाव्यांची कामं करणारा वकील. या खटल्यातली नावं घेणार नाही, विमा कंपनीचंही नाही. केळीची कापणी झाली, ट्रक भरला, आणि टोळीतल्या मजुरांना पुढच्या बागेत जायचं होतं म्हणून ते घडांवरच बसले. दुसरं वाहन होतं कुठे? कालव्याच्या वळणावर ट्रक कलंडला. एक तरुण मजूर मालाखाली दबून गेला. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. ट्रकचा विमा चालू, ड्रायव्हरचा परवाना चालू, कागद सगळे स्वच्छ. मला वाटलं, दावा सरळ आहे.

कंपनीच्या वकिलांनी एकच प्रश्न धरून ठेवला: मजूर कोणाचा? आता कायदा पाहा. मालवाहू गाडीवर बसलेला माणूस गाडीमालकाचा नोकर असेल, तर त्याची जबाबदारी पॉलिसीत येते, तीही कामगार भरपाईच्या मापाने. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत असेल, तर तोही येतो. दोन्हींत बसत नसेल तर तो फुकटचा प्रवासी, आणि कंपनी हात झटकते.

आणि आपल्याकडे केळीचा व्यवहार कसा चालतो? बाग शेतकऱ्याची. माल व्यापाऱ्याने घेतलेला. गाडी भाड्याची. टोळी मुकादमाची. त्या मजुराच्या बायकोला उलटतपासणीत विचारलं, मजुरी कोण देतं? त्या म्हणाल्या, “मुकादम देस.” मुकादमाला कोण देतं? “ते माले काय माहीत?” मग मुकादम साक्षीला आला, तो म्हणाला, मी व्यापाऱ्याचा माणूस. व्यापारी म्हणाला, माझा भाव गाडीत भरून दिलेल्या मालाचा, मजूर शेतकऱ्याचे. शेतकरी म्हणाला, मी टोळी पाहिलीसुद्धा नव्हती, ती व्यापाऱ्याने पाठवली. ट्रकमालक म्हणाला, मी भाडं घेतो, वर कोण बसतं ते मला ठाऊक नाही. माणूस सकाळपासून ह्या चौघांचंच काम करत होता, आणि संध्याकाळी तो ह्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. मला त्या दिवशी आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असंही वाटत नाही.

शेवटी अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाने कंपनीला सांगितलं, रक्कम आधी तुम्ही भरा, मग ट्रकमालकाकडून वसूल करा. कंपनी औरंगाबाद खंडपीठात अपिलात गेली. पैसे हातात पडेपर्यंत त्या बाईंचा थोरला मुलगा शाळा सोडून त्याच टोळीत घड वाहायला लागला होता.

हे एकाच घरापुरतं आहे असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि वर बसलेले पंधरा-सोळा मजूर गेले. आपण सगळ्यांनी ती बातमी वाचलीय. रस्ता खराब, वेग जास्त, अशी चर्चा आपण खूप केली. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या वऱ्हाडाबद्दलही…

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. ट्रॉली राहू द्या, न्यू इंडियाकडे येतो.

१९३९ साली मोटार वाहन कायदा झाला. त्यातला सक्तीच्या विम्याचा भाग लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. त्या तारखेपासून प्रत्येक गाडीवाल्याला परक्या माणसासाठी, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठी, विमा काढणं भाग पडलं, आणि मोटार विमा कंपन्यांचा मोठा धंदा झाला. न्यू इंडियाही त्यातच वाढली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणांची सोय केली. १ जानेवारी १९७३ ला राष्ट्रीयीकरण: १०७ विमा कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या झाल्या, त्यातली एक न्यू इंडिया. १९८८ च्या कायद्याने मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईवरची कमाल मर्यादा काढली. या प्रत्येक टप्प्यावर विम्याच्या छत्राखाली माणसं वाढली, ती कायद्याने वाढवायला लावली म्हणून.

मालावर बसलेल्या माणसाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो न्यू इंडियाच्याच खटल्यांतून. १९९९ मध्ये सतपाल सिंग प्रकरणात न्यायालय म्हणालं, मालवाहू गाडीतला फुकट प्रवासीही सक्तीच्या विम्यात येतो. तीन वर्षांत, डिसेंबर २००२ मध्ये, आशा राणी प्रकरणात जास्त न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला. कंपनीने कायद्याचा अर्थ मागितला, तो तिला मिळाला. तिला दोष देण्यात अर्थ नाही. माझं भांडण कायद्याच्या शब्दांशी आहे. मालाच्या मालकाला त्यात नावानिशी जागा आहे. माल कापणाऱ्याला आणि भरणाऱ्याला, तो गाडीमालकाच्या पगारावर नसेल तर, जागा नाही. ती दुरुस्ती संसदेने करावी, ही माझी मागणी आहे, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून ती जावी असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं? ट्रकमालकांनो, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांसाठी जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंद करता येते. हप्ता फार नसतो. एजंट आपणहून सांगेल याची वाट पाहू नका, मागून घ्या, आणि छापील पॉलिसीत ती नोंद आली का तेही बघा. पण ही नोंद मालकाने ठेवलेल्या माणसांपुरती असते, म्हणून व्यापाऱ्यांनी टोळीसाठी वेगळं वाहन द्यावं. भाड्यात दोन पैसे वाढतील, वाढू द्या.

आणि मजुरांच्या घरच्यांसाठी, घाईत का होईना, पण हे लिहून घ्या. दाव्याच्या अर्जाची मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली: १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिने. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत महिना जातो, म्हणून फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल पहिल्या आठवड्यातच घ्या. पोलीस जबाब घेतील तेव्हा मजूर कोणाच्या कामावर होता, मजुरी कोण देत होतं, गाडीवर बसायला कोणी सांगितलं, हे सोबतच्या मजुरांकडून नावानिशी लिहून घ्यायला लावा. चार महिन्यांनी विचारलंत तर कोणालाच काही आठवत नाही.