साल चौतीसची नोट

ही नोट नीट बघा. चीनच्या मध्यवर्ती बँकेची, तेव्हाचे चीनचे सत्ताधारी चँग काई-शेक यांचं चित्र असलेली. त्यावर चिनी लिपीत साल लिहिलंय: चौतीस. चिनी प्रजासत्ताकाची कालगणना १९१२ पासून, म्हणून त्यात १९११ मिळवायचे. झाले १९४५. नवखा संग्राहक पाकिटावर तेच साल लिहितो आणि नोट चुकीच्या जागी लावून टाकतो. कारण ही नोट लोकांच्या हातात पडली ती ऑगस्ट १९४८ मध्ये. नोटा आधीच छापून ठेवलेल्या होत्या, ‘गोल्ड युआन’ हे त्यांचं चलन नंतर आलं.

महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या चिनी नोटांमध्ये हे असं पावलोपावली होतं. ही उभी नोट घ्या. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांचं चित्र, साल एकोणीस, म्हणजे १९३०. ‘कस्टम्स गोल्ड युनिट’ हे मुळात आयातीवरची जकात भरण्यासाठी काढलेलं एकक. १९४२ मध्ये सरकारनं ते वीस साध्या युआनांच्या बरोबरीचं ठरवून बाजारात सोडलं, तेही १९३० चंच साल छापलेल्या नोटांनी. पुढे १९४८ मध्ये याच मालिकेत अडीच लाखांची नोट निघाली. वीसनं गुणा: एका कागदावर पन्नास लाख युआन.

एवढी शून्यं आली कुठून? जपानशी युद्ध झालं ते नोटा छापून. ते संपलं आणि कम्युनिस्टांशी यादवी पेटली, सैन्याचा खर्च तसाच राहिला, छपाईही. जपानी अमलाखालच्या भागात नानजिंगच्या कठपुतळी सरकारच्या नोटा चालत होत्या. १९४५ मध्ये त्या दोनशेला एक या भावानं बदलून घेतल्या गेल्या. शांघायच्या माणसाला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच आठवड्यांत त्याची शिल्लकही आटली.

आता पुन्हा आपल्या पहिल्या नोटेकडे. १९ ऑगस्ट १९४८. सरकारनं ‘गोल्ड युआन’ जाहीर केला. तीस लाख जुने युआन द्या, एक नवा घ्या. चार नव्या युआनांना एक अमेरिकन डॉलर. घरातलं सोनं, चांदी, परकी चलन बँकेत जमा करा, नाहीतर शिक्षा. एकूण नोटा दोन अब्जांपेक्षा जास्त छापणार नाही, असा शब्दही दिला. शांघायमध्ये भाव बांधून ठेवायला चँग यांनी आपला मुलगा चँग चिंग-कुओ पाठवला. त्यानं साठेबाज पकडले, दुकानांवर धाडी घातल्या. दुकानं रिकामी झाली, भाव मात्र दबले नाहीत. नोव्हेंबरमध्ये भावबंदी उठली, मग दोन अब्जांची मर्यादाही. ज्यांनी कायदा पाळून सोनं दिलं होतं, ते सगळ्यात जास्त बुडाले. माझ्या मते या नोटेची खरी गोष्ट हीच आहे. शून्यं मोजण्यात लोक उगाच रमतात.

डिसेंबरमध्ये सरकारनं थोडं सोनं परत विकायला काढलं. बँकेबाहेर एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले, चेंगरलेले लोक फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपले. मे १९४९ पर्यंत दहा लाख गोल्ड युआनची एक नोट चलनात होती. वायव्येकडच्या शिनजियांगच्या प्रांतिक बँकेनं तर आपल्या प्रांतिक युआनमधली सहा अब्जांची नोट छापली आणि तिच्यावरच लिहिलं: म्हणजे दहा हजार गोल्ड युआन.

संग्राहकाच्या दृष्टीनं पुढचा भाग मोलाचा. गोल्ड युआनच्या नोटा आजही स्वस्त मिळतात, कोऱ्या करकरीतसुद्धा. शांघाय कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावर एक लाख गोल्ड युआनांना एक नवा युआन मिळत होता. एवढ्यासाठी रांगेत कोण उभं राहणार? गड्ड्या घरांत तशाच राहिल्या.

त्या नव्या युआनची कथा उलटी. १ डिसेंबर १९४८ ला शिजियाझुआंग इथं कम्युनिस्टांची चिनी जनता बँक सुरू झाली. पहिल्या नोटांवर रहाट, खाणी, आगगाडी. माओ कुठेच नाहीत. बँकेचं नाव कम्युनिस्ट नेते तोंग पी-वू यांच्या हस्ताक्षरात. आणि गंमत म्हणजे, ज्या प्रजासत्ताकाविरुद्ध लढाई चालू होती त्याचंच साल सुरुवातीच्या नोटांवर छापलेलं: सदतीस. या मालिकेत बारा मूल्यं, बासष्ट प्रकार. १९५५ मध्ये दहा हजाराला एक या दरानं ती परत घेतली गेली आणि लोकांनी ती खरोखरच बदलून घेतली. म्हणून आज ती दुर्मीळ. त्यातही १९५१ च्या मंगोल आणि उइघुर लिपीतल्या नोटा, ज्या सीमेकडच्या प्रदेशांपुरत्याच होत्या, मोठमोठ्या लिलावांत जातात.

सुरुवात करायची तर गोल्ड युआनपासून करा. साल वाचायला शिका, घडी पडलेली नोट दाबून सपाट केलेली ओळखायला शिका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. जनता बँकेच्या या पहिल्या मालिकेच्या नकला मात्र ढिगानं विकल्या जातात. मंगोल लिपीतली दहा हजाराची नोट कुणी स्वस्तात देत असेल, तर भिंग काढायचीही गरज नाही.